ओक-बुनताईचं पाप

कोरियातल्या मोकपो बंदराच्या मासळीबाजारात ओक-बुनताईएवढी भांडखोर बाई दुसरी नव्हती आणि तिच्याएवढी देवभोळीही दुसरी नव्हती. बर्फावर वाकट्या मांडताना शेजारणीची टोपली वीतभर जरी तिच्या हद्दीत सरकली, तरी ती तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग तासाभराने तिलाच कॉफी पाजून म्हणायची, "येत्या रविवारी ये गं चर्चला. जेवण मी करणार आहे." शेजारीण यायचीसुद्धा, कारण ताईच्या हातच्या सुकवलेल्या मुळ्याच्या पाल्याच्या सूपाला तोड नव्हती.

बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं केस कुरळे करण्याचं दुकान आहे. या बंदरातली साठीच्या पुढची प्रत्येक बाई माझ्याकडे येते, डोक्याला रोलर लावून बसते, आणि रोलर लावले की बाईचं तोंड आपोआप सुटतं. त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला चर्चमध्ये न जाताही कळतं. मी जात नाही. नवऱ्याला सोडलं तेव्हा तिथल्या बायकांनी माझा संसार सावरावा म्हणून इतक्या प्रार्थना केल्या, की मी काय काय सोसलं ते माझ्या आधी त्याच सगळीकडे सांगत सुटल्या होत्या. तेव्हापासून नाताळला तांदळाच्या वड्या वाटतात तेवढ्यापुरती मी तिथे डोकावते.

ताईची गोष्ट वेगळी होती. तिचा मुलगा इन-सोप दुडुदुडु चालायला लागला होता, तेव्हा त्याला मेंदूज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले. नवरा मासेमारीच्या बोटीवर, दूर समुद्रात. त्या वेळी चर्चच्या घरसभेच्या बायका इस्पितळाच्या व्हरांड्यात बसल्या आणि घसे बसेपर्यंत ओरडून प्रार्थना करत राहिल्या. पोरगं वाचलं. आता ते औषधाने वाचलं की आरडाओरड्याने, हे ताईला विचारायची सोय नव्हती. तिच्या लेखी तो मुलगा तिच्या पोटचा होता तेवढाच त्या बायकांच्या गळ्यातून आलेला होता. पुढे नवरा बोटीसकट बुडाला, तेव्हाही तिला उठवून उभं केलं ते त्याच बायकांनी. म्हणून मी कितीही चिडले तरी त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इन-सोप त्यांच्यातच वाढला. पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून तो चर्चमध्ये पियानो वाजवायचा. बायका त्याला "आमचा इन-सोप" म्हणायच्या, खिशात गोड कोंबायच्या. मोठा झाल्यावर तो सोल शहरात गेला, कवळ्या बनवायचं काम शिकला. हात फार नाजूक त्याचा. ताईची कवळी त्यानेच बनवलेली. ती माझ्या आरशात दात विचकून सगळ्यांना दाखवायची, "बघा, माझ्या लेकाने मला हसायला दिलंय!" मग सगळ्या जणी आपापल्या भाच्या-पुतण्यांची नावं पुढे करायच्या आणि ताई ती डोक्यात जपून ठेवायची.

पुढचं ताईनेच मला सांगितलंय, एकदा नाही, अनेकदा.

चुसॉकचा, म्हणजे सुगीचा सण होता. मायलेक जमिनीवर बसून तांदळाच्या पिठाच्या अर्धचंद्र वड्या वळत होते. ताईने चर्चमधल्या प्योबाईच्या भाचीचा विषय काढला. मुलगी बँकेत आहे, दिसायला बरी आहे, आजीची सेवा करते.

"आई, मी लग्न नाही करणार."

"सगळे असंच म्हणतात. मग दोन पोरं झाली की आईला बोलावतात सांभाळायला."

"आई, माझ्याबरोबर दो-ग्योंग राहतो ना?"

"हो, तो खोलीतला सोबती. भाडं वाटून घेता. चांगला आहे की. पण त्याच्यासाठी काय आयुष्यभर थांबणार आहेस?"

इन-सोपने हातातली वडी खाली ठेवली. "सोबती नाही, आई. मी त्याच्याबरोबरच जगतोय. तोच माझं घर आहे."

ताई म्हणते, मला कळलं, लगेच कळलं, पण तोंडातून काय निघालं माहीत आहे? "पीठ सुकतंय, हात चालव." आणि दोघांनी उरलेल्या सगळ्या वड्या वळल्या, उकडायला ठेवल्या. वाफ यायला लागल्यावर तिने मागे न वळता विचारलं, "हे पाप आहे, माहीत आहे ना तुला?"

"मी शाळेत होतो तेव्हापासून देवाला तेच विचारतोय, आई."

"मग? काय म्हणाला देव?"

"काही म्हणाला नाही. पण हाकलूनही दिलं नाही त्याने. मी अजून जातो, अजून वाजवतो, अजून मला वाटतं की तो ऐकतोय."

ताई रडली. तोही रडला. मग त्याने तिचे पिठाळलेले हात धरले आणि म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस. मला इथे यायचं असतं. बाबांच्या स्मरणाच्या उपासनेला मला या घरात बसायचं असतं, तुझ्या त्या सगळ्या मावश्यांना भेटायचं असतं. त्यांना कळलं तर मला ते दार बंद होईल. शब्द दे."

"दिला," ताई म्हणाली. आणि खरंच दिला होता.

त्या हिवाळ्यात तिचे केस गळायला लागले. मी कंगवा फिरवला की झुपका हातात यायचा. पहाटे बाजार उघडण्याआधीची उपासना ती पूर्वीही चुकवत नव्हती, आता ती संपल्यावरही गुडघे टेकून बसायला लागली. उपास करायला लागली. चर्चचे पाळकसाहेब, आडनाव ताक, त्या वर्षी व्यासपीठावरून वारंवार तोच विषय काढायचे, की देश बिघडतोय, पुरुष पुरुषाशी संसार मांडायला निघालेत, देवाचा कोप होईल. मंडळी मोठ्याने "आमेन" म्हणायची. ताई पुढच्या बाकावर बसलेली असायची. मानाची जागा होती ती, उठून मागे तरी कशी जाणार?

एकदा माझ्या खुर्चीत बसून ती अचानक म्हणाली, "मि-रान, पाप म्हणजे काय गं?"

"मला काय विचारतेस? माझ्या आधीच्या नवऱ्याला विचार. त्याला सगळी येत होती."

ती हसली नाही. आरशात बघत राहिली. म्हणाली, "चोरी केली की ज्याचं गेलं तो रडतो. खोटं बोललं की ज्याला फसवलं तो रडतो. यात कोण रडतंय? मीच रडतेय. मग ते पाप माझ्याविरुद्ध झालं का? की देव रडतोय आणि मला दिसत नाहीये?"

मी म्हटलं, "ताई, त्याला काही झालंय का? कुणाला?" तिने ओठ घट्ट मिटले. शब्द दिलेला होता.

आता शुक्रवारची घरसभा कशी असते ते सांगायला हवं. मंडळीतल्या आठदहा जणी प्योबाईच्या घरी जमतात. प्योबाई घरसभेची प्रमुख. तिचं घर माझ्या दुकानाच्या बरोबर वर, मधे फक्त लाकडी तक्तपोशी. आधी गाणं होतं, वचन वाचतात, मग एकेकीने प्रार्थनेचा विषय सांगायचा असतो. कुणाचे गुडघे, कुणाच्या नातवाची परीक्षा, कुणाचा दारुडा जावई. मग प्योबाई हात वर करते, सगळ्या एका दमात "प्रभू! प्रभू! प्रभू!" अशी हाक मारतात आणि एकदम, आपापल्या शब्दांत, गळा फाडून प्रार्थना करायला लागतात. कोण काय म्हणतंय ते कुणाला कळत नाही, कळायची गरजही नसते. जितके जास्त गळे तितकं आकाश लवकर उघडतं, हे ताईच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

कितीतरी शुक्रवार ती "माझे गुडघे" एवढंच म्हणत राहिली. मग एका शुक्रवारी तिची पाळी आली तेव्हा ती गप्प बसली. प्योबाई म्हणाली, "ताई, मनात दगड घेऊन बसलीयेस तू. आम्ही काय परक्या आहोत?" आणि ताईने सांगून टाकलं. सगळं. दो-ग्योंगच्या नावासकट.

तिचं म्हणणं असं, की मी बायकांना नाही सांगितलं, देवाला सांगितलं, त्यांच्या तोंडून. आमच्याकडे चर्चबाहेरच्या बायकांनाही या वाक्याचा अर्थ कळतो. दुसऱ्या एखाद्या आईनेही मुलाचं गुपित बहिणीला सांगितलं नसतं, पण प्रार्थनेचा विषय म्हणून देण्यात तिला गुन्हा वाटला नसता. मुलाचं पोट दुखत असताना वैद्याला सांगायला कुणी लाजतं का, इतकं साधं होतं ते तिच्यासाठी.

त्या दिवशी वरून जो आवाज आला त्याने माझं गिऱ्हाईक दचकलं. बायका हमसून रडत होत्या. खोटं नव्हतं ते. त्यांनी त्या मुलाला कडेवर खेळवलं होतं. मला फक्त "इन-सोप, इन-सोप" एवढं ऐकू आलं आणि वाटलं, पोराला पुन्हा काही दुखणं आलं की काय.

मग हळूहळू ते दुखणं माझ्या दुकानात यायला लागलं. पहिली आली, रोलर लावून झाले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं मि-रान, फक्त प्रार्थना कर." दुसरी आली, तिनेही तेच. तिसरी तर घरसभेतली नव्हतीच. ती बेकरीवाल्याची बायको. आमच्याकडे चुगली कुणी करत नाही, सगळ्या फक्त प्रार्थनेचे विषय वाटतात. मी एकीला म्हटलं, "तुझ्या डोक्यात रंग घालू की अक्कल?" ती रागावून गेली, पण पुढच्या वेळी आली. दुसरीकडे जाणार कुठे?

ताईला मात्र हलकं वाटत होतं. आकाश उघडायची वाट बघत होती ती. त्याऐवजी पाळकसाहेब घरी आले. माणूस वाईट नव्हता. थंडीत एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी स्वतः पाठीवर कोळशाच्या वड्या वाहून नेणारा. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाला, "आम्ही पापाचा द्वेष करतो, इन-सोपचा नाही. त्याच्या वडिलांच्या स्मरणाची उपासना येतेय. तो येईल ना? आम्हीही येतो. त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करू. एकटं लढायला लावू नका त्याला." ताईला ते बरोबर वाटलं. एकटं लढू नये, हेही खरंच ना?

इन-सोप आला तो नाशपातींची पेटी घेऊन. दारात बूट काढायला वाकला आणि तिथे बायकांच्या बुटांची ही एवढी रांग. दरवर्षी मायलेक दोघंच बसायचे, फार तर एखादी मावशी. त्याने ते बूट बघितले आणि ताई म्हणते, तिथेच त्याचा चेहरा बदलला.

तरी तो आत आला. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. गाणं झालं, वचन झालं, बाबांची आठवण काढून झाली. मग पाळकसाहेब म्हणाले, "इन-सोप, मधे ये, बाळा." तो मधे गुडघ्यांवर बसला. त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हातच हात. तीन वेळा प्रभूला हाक, आणि मग तो कल्लोळ. प्योबाई सगळ्यात वरच्या पट्टीत, "निघून जा, घाणेरड्या आत्म्या, निघून जा!" म्हणत त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती. लहानपणी त्याची ढेकर काढायला मारायची त्याच जागी. हे ताईचे शब्द आहेत, माझे नाहीत.

त्या हातांच्या फटीतून त्याने मान वर केली आणि आईकडे बघितलं. आवाजात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं, पण ओठ कळले. "आई, तू सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुझ्यासाठीच रे!" ते त्याला ऐकू गेलं की नाही, तिला माहीत नाही.

तो उठला नाही. शेवटच्या आमेनपर्यंत तसाच बसला. मग उभा राहिला, शर्ट नीट खोचला आणि कंबरेत वाकून म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी खूप कष्ट घेतलेत." कामावरून उठताना म्हणतो तसं. आणि बूट घालायला लागला. मांसाचं तिखट सूप, माशाची धिरडी, शेवया, सगळं ताटात तसंच. ताई डब्यात सूप घालून अनवाणी गल्लीत धावली. त्याने डबा घेतला नाही. म्हणाला, "आई, मी तुझ्याकडे एकच गोष्ट जपून ठेवायला दिली होती." एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, ती अजून म्हणते.

त्यानंतर तो आला नाही. फोन लागायचा नाही. नव्या वर्षाला एक ओळ यायची, "तब्येत सांभाळ." ती दर हिवाळ्यात कोबीची किमची घालायची, पेटी भरून सोलच्या पत्त्यावर पाठवायची. पेटी परत यायची नाही, उत्तरही यायचं नाही. बाजारातली तिची भांडणं बंद झाली. शेजारणीने टोपली आत सरकवली तरी बोलायची नाही. ती शेजारीण मला रडवेली होऊन सांगायला आली, "अगं, मी मुद्दाम सरकवते, तरी शिव्या देत नाही."

अशी काही वर्षं गेली. मग एका पहाटे उपासना संपल्यावर ती पाळकसाहेबांच्या खोलीत गेली. 

"पाळकसाहेब, माझ्या मुलाचं पाप तुम्हाला बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकात सापडलं. माझं कुठे लिहिलंय ते दाखवा."

"तुमचं कसलं पाप, ओक-बुनबाई?"

"मी त्याला शब्द दिला होता. मोडला."

"अहो, ते तुम्ही प्रेमापोटी केलंत."

ताई म्हणाली, "तोही मला तेच सांगत होता, पाळकसाहेब. प्रेमापोटी. त्याचं तुम्ही धरलं नाहीत, मग माझं कसं धरता?"

पाळकसाहेबांनी बायबल उघडलं, मिटलं. आपण यावर प्रार्थना करू, असं म्हणाले. मला ही हकिगत ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण ताईकडे बघितलं आणि हात खाली घेतले. ती जिंकायला गेली नव्हती. तिला कुणीतरी म्हणायला हवं होतं, की हो बाई, तू पाप केलंस. म्हणजे मग त्याची क्षमा तरी मागता आली असती. आजारच नाही म्हणून परत पाठवलेल्या रोग्यासारखी तिची गत झाली होती.

त्या शुक्रवारी तिने घरसभेत तोच विषय दिला. "मी माझ्या मुलाचा विश्वासघात केला, त्यासाठी प्रार्थना करा." प्योबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ताई, मनाला नको लावून घेऊस. आईचं काळीज कधी पाप करतं का? चला गं, इन-सोपसाठी करूया." आणि त्यांनी इन-सोपसाठी केली.

दुसऱ्या दिवशी ताईने दुकान बंद ठेवलं, सुकवलेले ढोमे दोरीत बांधले आणि सोलची गाडी पकडली.

दार दो-ग्योंगने उघडलं. ताई इतकी वर्षं त्याच्याविरुद्ध प्रार्थना करत होती, मनात कसला देखणा, निसरड्या डोळ्यांचा सैतान रंगवून ठेवला होता. निघाला पोट सुटलेला, टक्कल पडत चाललेला बसचालक, पायात भोकाचे मोजे. "काकू," तो म्हणाला, आणि मग काय म्हणावं ते न सुचून त्याने तिच्या हातातले मासेच घेतले. "तो कामावर आहे. बसा. तुमची किमची आहे अजून. आम्ही पुरवून पुरवून खातो."

घर लहान होतं, स्वच्छ होतं. कोपऱ्यात पियानो, त्यावर धुतलेले कपडे वाळत घातलेले. ताई त्याकडे बघत राहिली. विचारू की नको असं करत शेवटी विचारलं, "चर्चला जातो का तो? इथल्या?"

दो-ग्योंग भांडी आवरत होता, थांबला. "जायचा. छोटंसं चर्च होतं एक, तिथे वाजवायचा. मला त्यातलं काही कळत नाही, मी बाहेर सिगरेट ओढत थांबायचो. बाहेर आला की चेहरा असा उजळलेला असायचा त्याचा. जेवायच्या आधी मान खाली घालायचा, मी थांबायचो." मग तो खाली बघून म्हणाला, "तुमच्याकडून आला त्या दिवसापासून नाही. आता कुणी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायला लागलं, टीव्हीवर जरी असलं, तरी तो खोलीतून उठून जातो. काकू, मी तुम्हाला दुखवायला सांगत नाहीये."

ताई मला म्हणाली, "मि-रान, त्याचा देव त्याच्याजवळ होता गं. मीच तो त्याच्यापासून तोडला."

इन-सोप संध्याकाळी आला. आईला बघून दारात थांबला, मग हात धुवायला गेला. तिघं जेवायला बसले. दो-ग्योंगने ढोमे भाजले होते. ताईने लग्न झाल्यापासून देवाचं नाव घेतल्याशिवाय घास तोंडात घातला नव्हता. बाजारात उभ्याउभ्या नूडल खातानाही तिचे ओठ हलायचे. त्या दिवशी तिने चमचा उचलला आणि सरळ भाताचा घास घेतला. इन-सोप बघतच राहिला.

"आई, प्रार्थना?"

"गार होतंय. खा."

थोड्या वेळाने चमचा ठेवून ती म्हणाली, "मी पाप केलं, इन-सोप. तुला दिलेला शब्द मोडला, आणि परक्या हातांत तुला दिलं. चांगल्यासाठी केलं असं मी आता म्हणणार नाही. पाप केलं."

माशाचे काटे काढून त्याने तिच्या वाटीत मांस ठेवलं. "सगळ्यांनी माझं पाप सांगितलं, आई. त्या दिवसाला पाप म्हणणारी तू पहिली."

"मग मला माफ करशील?"

"माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

स्टेशनवर सोडायला तो आला. गाडी यायच्या आधी विचारलं, "अजून करतात का त्या माझ्यासाठी?"

"दर शुक्रवारी."

"थांबव त्यांना. माझं नाव तिथे घेतलं जातंय हे ठाऊक असताना मी त्या गल्लीत पाय कसा ठेवू? थांबल्या की येईन. बाबांच्या दिवसाला येईन."

"थांबवते," ताई म्हणाली. "शब्द देते."

परत आली ती पुन्हा भांडकुदळ होऊन. पहिल्याच शुक्रवारी वर गेली आणि म्हणाली, त्याच्यासाठी प्रार्थना करायची नाही, आजपासून बंद. बायकांना वाटलं, चेष्टा करतेय. प्योबाई म्हणाली, "ताई, हरवलेल्या जिवासाठी प्रार्थना थांबवायची? उद्या प्रभूने विचारलं तर काय तोंड दाखवू?" ताईने मासळीबाजारातली होती नव्हती ती भाषा काढली. मला खाली शब्दन् शब्द ऐकू आला. पण त्यांच्या मनात एकदा एखादं नाव बसलं की ते काढायचं कसं, हे त्यांनाही ठाऊक नाही. दुष्टपणा असता तर ताईने तो केव्हाच मोडून काढला असता. त्या मुलावर त्यांचं प्रेम आहे, हीच तर पंचाईत आहे. उलट त्यांनी यादीत ताईचंही नाव घातलं. तिचा विश्वास डळमळला म्हणून.

आता ती घरसभेला जात नाही. शुक्रवारी त्या वेळेला माझ्याकडे येऊन बसते. इन-सोपचा फोन येतो कधीमधी. "थांबल्या का?" विचारतो. ती खोटं बोलत नाही. "नाही रे, अजून नाही," म्हणते, आणि मग त्याच्या वडिलांचा दिवस येतो, ती एकटीच बसते, एकटीचं जेवण वाढून घेते. यंदाही तसाच गेला. पंचाहत्तरीला टेकलीय ती आता.

मागच्या शुक्रवारी मी तिचे केस कुरळे करत होते. वर "प्रभू! प्रभू! प्रभू!" झालं आणि कल्लोळ सुरू झाला. त्यात त्याचं नाव आलं. मी काही न बोलता दोन्ही ड्रायर सुरू केले, मोठ्यात मोठ्या आवाजावर.

"बंद कर," ताई म्हणाली.

"कशाला ऐकतेस, ताई? डोक्याला ताप."

"माझ्याच तोंडून वर गेलंय ते. बंद कर म्हणते ना!"

मी बंद केले. ती थोडा वेळ तक्तपोशीकडे बघत ऐकत राहिली. मग खुर्चीचे हात धरून उठली. डोक्याला रोलर, खांद्यावर माझा टॉवेल, कानाशी केसांच्या औषधाचे ओघळ, तशीच बाहेर पडली आणि बाजूच्या जिन्याची एकेक पायरी कण्हत चढायला लागली. दर शुक्रवारी मी ड्रायर लावले की ती "आलेच" म्हणत बाहेर जायची ती वरच, हे मला त्या दिवशी कळलं. कारण वरून प्योबाईचा आवाज आला, अगदी मायेचा, "आलीस का ताई? बस, कॉफी घे."

"कॉफी नको. थांबा म्हणते मी. माझ्या लेकाचं नाव मला परत द्या."

वर सगळं शांत झालं. मी हातात कंगवा घेऊन, श्वास धरून उभी राहिले. मग ताईची पावलं जिना उतरायला लागली, आणि ती खाली पोचायच्या आत वर पुन्हा सुरू झालं.